‘सध्या काय करतोस?’

डोंबिवलीत लग्न असो, मुंज असो नाहीतर बारसं, दुसऱ्या मिनिटाला एक प्रश्न येतोच. “मग, सध्या काय करतोस?” मी ‘आयटीत आहे’ म्हणतो आणि सुटतो. माझ्या मावसभावाला कुणी हे विचारलं की मावशी घाईघाईने विषय बदलते.

दादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. त्याने डिप्लोमा केला, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला, आणि तेविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले, पण नोकरी गेली ती गेलीच. गेली तीन वर्षं तो त्यांच्या सोसायटीची पाण्याची मोटर सकाळ-संध्याकाळ चालू-बंद करतो. आधी हे काम वॉचमनकडे होतं आणि त्याचे त्याला महिन्याला आठशे रुपये वेगळे मिळायचे. दादाला काही मिळत नाही. “त्याचा वेळ जातो, बरं वाटतं त्याला,” असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो.

मग मी या विषयावर वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की “त्याला बरं वाटतं” हे वाक्य बरंच जुनं आहे. आपल्या ठाण्याच्या इतिहासातही ते सापडतं.

भिंतीआतलं काम

‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. त्यातलं ठाणं म्हणजे १९०१ साली उभं राहिलेलं इस्पितळ. नरोत्तमदास माधवदास या देणगीदाराच्या नावाने ते ओळखलं जायचं. मुंबईतलं कुलाब्याचं जुनं इस्पितळ अपुरं पडत होतं. ठाण्याला जागा मोकळी होती, आणि रेल्वे तर १८५३ पासूनच होती. तेव्हाच्या सरकारी भाषेत या जागेला ‘ल्युनॅटिक असायलम’ म्हणत, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्यात १८५० खाटा आहेत.

अशा इस्पितळांत रुग्णांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर युरोपातून आलं होतं. १७९६ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या व्यापाऱ्याने ‘रिट्रीट’ नावाची जागा सुरू केली. साखळदंड आणि मारहाण यांच्याऐवजी तिथे शांतता, शिस्त, आपुलकी आणि काम यांवर भर होता. बागेत खणणारा, शिवणकाम करणारा माणूस सावरतो, असं ट्यूकच्या मंडळींचं निरीक्षण होतं. काम हे औषध आहे, हा विचार तिथून जगभर पसरला.

भारतात येताना त्या विचाराला सरकारी हिशेब चिकटला. वसाहतकाळातल्या इस्पितळांत बागकाम, विणकाम, दोर वळणं अशी कामं रुग्णांकडून करून घेतली जात. त्यातून पिकलेल्या भाजीची आणि विणलेल्या कापडाची किंमत वार्षिक अहवालात मांडली जाई. खर्च किती वाचला, हे वरिष्ठांना दाखवायचं असे. युरोपियन रुग्णांकडून अंगमेहनतीची अपेक्षा नसे, ती देशी रुग्णांकडून असे. तेच काम एका रकान्यात उपचार होतं आणि दुसऱ्या रकान्यात बचत. मजुरीचा रकाना नव्हता.

म्हणून मला असं वाटतं की या इतिहासात ‘कामाने माणूस बरा होतो का?’ हा एकच प्रश्न बघून चालत नाही. तो दोनशे वर्षं विचारला गेलाय, आणि उत्तर बहुतेकदा ‘हो, मदत होते’ असंच आलंय. दुसरा प्रश्न कमी वेळा विचारला गेला. ते काम कुणाचं? त्याचे पैसे कुणाचे?

घरी आलेली माणसं

१९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरायला सुरुवात झाली. आवाज आणि भास यांच्यावर चालणारं हे पहिलं परिणामकारक औषध. पुढच्या काही दशकांत जगभर माणसं इस्पितळातून घरी यायला लागली. पण घरी येऊन करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा एक मोठा अभ्यास सुरू केला. भारतातलं केंद्र आग्र्याला होतं. काही वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठलं तेव्हा भारत, नायजेरिया, कोलंबिया इथल्या रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी निघाली. या निष्कर्षावर आजही वाद आहेत. पण तेव्हा दिलेल्या कारणांपैकी एक कारण लक्षात राहणारं आहे. शेतीच्या कुटुंबात माणसाला झेपेल तेवढं काम मिळतं. एखाद दिवशी उठवलं नाही तर तो झोपून राहतो, दुसऱ्या दिवशी गुरं चारायला जातो. त्याची मुलाखत कुणी घेत नाही.

आता हे कल्याण-डोंबिवलीत आणून बघा. वन बीएचके फ्लॅट. आई-बाबा म्हातारे, भाऊ सकाळी फास्ट पकडून जातो तो रात्रीच परततो. इथे गुरं नाहीत, शेत नाही, जे काम आहे ते लोकलच्या दुसऱ्या टोकाला. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी डोकं जड असतं, आणि गाडी तर सकाळचीच पकडावी लागते. डोंबिवली स्टेशनवर आठच्या गर्दीत आत शिरणं धडधाकट माणसालाही रोज जमत नाही. दादाने पाच वर्षांपूर्वी ठाण्याला एका ऑफिसात काम धरलं होतं. अकरा दिवस गेला. काम त्याला येत होतं. तिथे पोचणं झेपलं नाही.

ज्यांनी मजुरी मागितली

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मनोरुग्णालयातून सुटलेले काही जण एकमेकांना भेटू लागले. आपल्या गटाला त्यांनी नाव दिलं, ‘आम्ही एकटे नाही’. त्यातून १९४८ मध्ये ‘फाउंटन हाउस’ उभं राहिलं. तिथे येणाऱ्याला पेशंट नाही, सदस्य म्हणतात. स्वयंपाक, हिशेब, टेलिफोन ही घर चालवायची कामं सदस्य आणि कर्मचारी मिळून करतात. पुढे तिथूनच सदस्यांना बाहेर पगारी कामं मिळवून द्यायची पद्धत सुरू झाली. ‘क्लबहाउस’ म्हणून हा नमुना आज अनेक देशांत आहे.

इटलीत त्रिएस्ते शहरात फ्रांको बाझालिया हा डॉक्टर १९७१ मध्ये मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. तिथले रुग्ण साफसफाई वगैरे कामं उपचार म्हणून करत होते. १९७२ मध्ये त्याच रुग्णांची सहकारी संस्था निघाली. कामं तीच राहिली, पण आता त्यांचं कंत्राट झालं आणि पगार मिळू लागला. १९७८ मध्ये इटलीने कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली, पण त्याच्या सहा वर्षं आधी झाडू मारणाऱ्याच्या हातात पगार पडला होता.

अमेरिकेत १९७३ मध्ये एका संघराज्य न्यायालयाने सांगितलं की संस्थेला ज्यातून फायदा होतो असं काम रुग्ण करत असेल, तर त्याला किमान वेतनाचा कायदा लागू होतो. यानंतर बऱ्याच संस्थांनी वेतन देण्याऐवजी रुग्णांचं कामच बंद केलं. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण दादाच्या गोष्टीत मावशीची भीती नेमकी हीच आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतच रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी एक उलटी पद्धत मांडली. तोवर रिवाज असा होता, की आधी प्रशिक्षण द्यायचं, कागदी पिशव्या करायला लावायच्या, माणूस ‘तयार’ झाला की मग नोकरी बघायची. बऱ्याच जणांची तयारी आयुष्यभर संपायचीच नाही. ड्रेक-बेकर म्हणाले, ज्याला काम हवंय त्याच्या आवडीची खरी नोकरी आधी शोधा, आणि शिकवणं, सोबत, मालकाशी बोलणं हे सगळं नोकरी लागल्यावर चालू ठेवा. अनेक देशांतल्या चाचण्यांत जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे दुप्पट लोक असे नोकरीला लागले. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. फ्रेशर प्रॉडक्शनवर काम करतच शिकतो, त्याच्या शेजारी फक्त एक सीनियर बसवतात.

आपल्याकडे

ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे आयपीएच, सुरू केली. तिचं ‘त्रिदल’ हे केंद्र स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांच्या पुनर्वसनासाठी आहे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. वाणी मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. हा आजार त्यांच्या घरात होता. २००४ चा ‘देवराई’ हा सिनेमा आला त्यामागेही ते होते. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या वर्तुळांतून मराठीत दोन शब्द रुळले. आजार असलेला तो ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणारा ‘शुभंकर’. मला आधी ते जरा गोड वाटले होते. पण ‘वेडा’, ‘मेंटल’, ‘ठाण्याचा’ यांच्या शेजारी ठेवून बघितले तेव्हा पटले. रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन कुठेतरी जायचंय, तिथे आपलं नाव घेऊन कुणीतरी वाट बघतंय, ही गोष्ट लहान नाही. फक्त तिथून पुढे नोकरीच्या दारापर्यंतचा रस्ता अजून अरुंद आहे.

कायद्याने तो थोडा रुंद केलाय. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व म्हणून मान्य झालं, पण सरकारी नोकरीतल्या ३ टक्के राखीव जागा दृष्टी, श्रवण आणि हातापायांच्या अपंगत्वालाच होत्या. मानसिक आजाराला राखीव जागा मिळाली ती २०१६ च्या कायद्यात. एकूण ४ टक्क्यांपैकी १ टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे एकत्र आहेत.

त्यातही एक गोम आहे. या जागेसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मानसिक आजारात ते मोजायच्या मापात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम. म्हणजे काम जितकं कमी जमतं तितके गुण जास्त. धडपड करून चार पैसे मिळवणाऱ्याचे गुण घटतात, आणि प्रमाणपत्र हुकलं की राखीव नोकरीही हुकते. आमच्याकडे अशा कोडला लॉजिकल एरर म्हणतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मात्र विसाव्या कलमात एक छोटं उपकलम आहे. मानसिक आरोग्य संस्थेत कुणालाही कामाची सक्ती करता येणार नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला मिळाला पाहिजे. जुन्या अहवालांत जो रकाना नव्हता, तो कागदावर आला.

माझा रकाना

हे सगळं वाचण्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इंटरव्ह्यू पॅनेलवर बसलो होतो. एका उमेदवाराचं कोडिंग छान होतं. रेझ्युमेत दोन वर्षांची गॅप होती. मी विचारलं, “या काळात काय करत होतात?” तो म्हणाला, “तब्येतीचं कारण होतं, आता बरा आहे.” फॉर्ममध्ये एक शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं, ‘स्थिरतेबद्दल शंका’. त्याला घेतलं नाही. मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. डोंबिवलीच्या लग्नातला प्रश्न मी एसी केबिनमध्ये विचारला होता, इतकंच.

सोसायटीच्या मोटरचं मी मावशीपाशी काढलं तेव्हा ती घाबरली. “नको रे. पैशांचं बोललास तर तेवढंही काढून घेतील त्याच्याकडून.” अमेरिकेत १९७३ नंतर तसंच झालं होतं, म्हणून मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग मी दादालाच विचारलं, कारण हे त्याला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

त्याने बराच वेळ विचार केला. “तीन वर्षांत टाकी एकदाही ओसंडली नाही,” तो म्हणाला. “वॉचमनच्या वेळी महिन्यातून दोनदा ओसंडायची. ते लिही पत्रात.” मग थोड्या वेळाने, “आणि पगार असेल तर सुट्टीपण असते ना? एखाद्या रविवारी?”

ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं स्टेशन होणार आहे, मनोरुग्णालयाच्या जागेच्या काही भागावर. कधीतरी लोक तिथे उतरून घाईघाईने कामाला जातील. त्यात दादासारखे किती असतील हे स्टेशनवर ठरणार नाही. ते माझ्यासारख्यांच्या शेऱ्यांवर आणि सोसायटीच्या मीटिंगांवर ठरेल.

पत्र सेक्रेटरीकाकांना दिलंय. महिन्याला आठशे रुपये आणि दोन रविवार सुट्टी, एवढंच मागितलंय. खाली सही दादाची आहे. मीटिंग पुढच्या रविवारी आहे. त्या दिवशीही मोटर तोच चालू करणार आहे.