मोडीत न निघालेले आवाज : हुपरीतील जुन्या कॅसेटी आणि इतिहासाची साधने

(१) हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) म्हणजे चांदीच्या पैंजणांचे गाव. येथील घरांच्या माळ्यावर एखाद्या पत्र्याच्या पेटीत अजूनही जुन्या कॅसेटी सापडतात. काहींवर छापील वेष्टन असते, तर काहींवर बॉलपेनने लिहिलेले जेमतेम दोन शब्द. त्या घरच्या घरी संगणकावर उतरवायला बसले की पहिला प्रश्न येतो : आधी कोणती घ्यावी? त्याचे उत्तर इतिहासाच्या अंगाने शोधणारा हा धागा.

(२) आवाज जतन करण्याचा अधिकार पूर्वी कोणाकडे होता, तेथून सुरुवात करू. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. कोणाचे गाणे घ्यायचे, हे कंपनी ठरवी. ती तीन मिनिटे द्यायची की नाही, हे गायक ठरवी. सामान्य श्रोत्याच्या हाती फक्त ऐकणे होते.

(३) याचा परिणाम आपल्याच भागात दिसतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही तबकडी बाजारात आली नाही. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांचा आवाज मात्र तबकड्यांमुळे आजही ऐकता येतो. दोन शहरांतील अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर.

(४) अल्लादियाखाँची गायकी आपल्याला कळते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानासोबत अवकाशात गेली. शिष्येचा स्वर आंतरतारकीय अवकाशात पोहोचला आणि गुरूचा स्वर कोल्हापुरातही उरला नाही. मोठ्यांची ही गत, तर गावच्या भजनी मंडळाचे काय झाले असते?

(५) हे चित्र बदलले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ती बाजारात आणली. फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही थोडी कमी, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. यंत्र स्वस्त, हलके आणि कोणालाही चालवता येण्याजोगे होते.

(६) आखाती देशांतून परतणारे कामगार ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागले. पुढे ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटींची बाजारपेठ उभी केली. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक संगीताला वाव कसा मिळाला, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात मांडले आहे. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते कॅसेटींमुळेच खेडोपाडी वाजू लागली. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गायकांच्या कॅसेटी काढल्या.

(७) मात्र याहून मोठा बदल घडवला तो यंत्रावरच्या लाल बटणाने. ते दाबले की घर हेच ध्वनिमुद्रणालय होई. सप्ताहातले भजन, बारशाचा पाळणा, लग्नातली मंगलाष्टके, आजीने सांगितलेली कहाणी. कोणत्याही कंपनीने जे विकत घेतले नसते, ते प्रथमच टिकण्याची शक्यता निर्माण झाली.

(८) म्हणून पेटीतल्या कॅसेटींचे दोन ढीग करावेत. छापील कॅसेटीच्या हजारो प्रती निघाल्या होत्या. आपली बिघडली तरी दुसरीकडे मिळू शकेल. घरी मुद्रित केलेली बहुधा जगात एकच असते. आधी तीच घ्यावी, मग तिच्यावरचा आवाज कितीही खरखरीत असो.

(९) हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीचे उदाहरण घ्या. तेथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतो, धनगरी ओव्या होतात आणि पाऊसपाण्याची भाकणूक सांगितली जाते. ओवी दरवर्षी तीच असली तरी गाणारा बदलतो, भाकणूक तर दरवर्षी नवी. अशी लागोपाठ दहा वर्षांची ध्वनिमुद्रणे एखाद्या घरात असतील, तर शेतकऱ्याच्या भीतीचा आणि आशेचा तो दहा वर्षांचा दस्तऐवज ठरेल.

(१०) ही कल्पना हवेतली नाही. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या फितींवर मुद्रित करून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा इतिहास लिहिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरवल्या. त्यांतील काही हजारच आवाजासह उरल्या आहेत. बाकीच्यांचे शब्द कळतात, चाल मात्र कळत नाही.

(११) आता हुपरीच्याच भाषेत. जुने पैंजण मोडीत घातले की ते वितळवून नवा दागिना घडवतात. चांदी राहते, जुनी घडण जाते. कॅसेटीचेही तसेच झाले. फीत महाग वाटे, म्हणून जुन्या भजनावर सिनेमाची गाणी भरली गेली. कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन लहान प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. ती पट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा मुद्रण होत नाही. एखादी पट्टी मोडलेली दिसली तर समजावे, कोणीतरी जाणीवपूर्वक हा आवाज राखला होता.

(१२) फितीवरचा लोहकणांचा थर दमट हवेत बुरशी धरतो, गुंडाळीतला एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आवाजाची पुसट छाप सोडतो, फीत दाबणारी आतली गादी निखळते. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये; ती जाणकाराकडे द्यावी. धडधाकट कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

(१३) कृती सोपी आहे. चांगला डेक मिळवावा, त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, त्याच्या ‘लाइन आउट’मधून तार संगणकाच्या ‘लाइन इन’ला किंवा यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडावी. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. आवाज दबका वाटला तर हेडचा कोन जुळवून घ्यावा. मूळ मुद्रण वेगळ्या यंत्रावरचे असल्याने हा फरक पडतो. एक तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो.

(१४) मूळ प्रत २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या वेव्ह स्वरूपात ठेवावी. स्टिरिओत तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. तासाभराच्या पन्नास कॅसेटी आजच्या एका पेनड्राइव्हवर मावतात. एमपीथ्री प्रत नातेवाइकांना पाठवण्यापुरती. मूळ प्रती दोन, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत.

(१५) मूळ प्रतीतली खरखर काढू नये. मागे चांदीवर चाललेली हातोडीची ठकठक, कोंबडा, एसटीचा हॉर्न हे गायकाला व्यत्यय वाटत असतील. इतिहासाला ती स्थळकाळाची साक्ष आहे. स्वच्छ प्रत हवी तर वेगळी करावी.

(१६) कॅसेटीचे व वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. फाइलच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग लिहावा. आणि सर्वांत तातडीचे काम : घरातल्या थोरांना शेजारी बसवून विचारावे, पेटी कोण वाजवते आहे, टाळ कोणाचे, मध्येच हसले कोण? ही माहिती कोणत्याही यंत्रातून निघत नाही. नाव हरवलेला आवाज अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

(१७) एक पथ्य. छापील कॅसेटीतील ध्वनिमुद्रणावर भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो. स्वतःसाठी प्रत करणे वेगळे, ती इंटरनेटवर टाकणे वेगळे. घरगुती मुद्रण जाहीर करण्यापूर्वीही गाणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घ्यावी.

(१८) युनेस्को आणि ध्वनि-दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्येच इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास फिती वाजवणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होतील. ती मुदत आता येऊन गेली. यंत्रे थोडी आहेत, आवाज ओळखणारी माणसे त्याहून वेगाने कमी होत आहेत.

(१९) हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली, इचलकरंजी परिसरात कोणाच्या घरी भजन, ओवी, भाकणूक किंवा जुन्या नाटकाचे मुद्रण असेल, तर खाली प्रसंग आणि अंदाजे वर्ष जरूर लिहा. कॅसेट आपल्यापाशीच राहू द्या. तिची नोंद झाली, तरी पुढच्या अभ्यासकाला ती कोठे शोधायची हे कळेल.