अंधारातला हिमनग

जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकावर ध्रुवीय रात्र पसरली होती. त्या काळोखात लार्सन सी या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्ट्यापासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. सेन्टिनेल-१ उपग्रहांच्या रडारने तो टिपला आणि त्याचे नाव पडले ए-६८.

रडार सूर्यावर विसंबत नाही. ते स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि परत येतील तेवढ्या मोजते. ढगांचा त्याला अडसर नसतो. शांत पाणी या लहरी आरशासारख्या दुसरीकडे फेकते, बर्फ त्यांतल्या बऱ्याच परत पाठवतो. म्हणून काळ्या समुद्रावर हिमनग उजळ दिसतो. मात्र वाऱ्याने समुद्र खवळला, किंवा उन्हाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग ओला झाला, की हा भेद पुसट होतो. तेव्हा जाणत्या माणसाच्या नजरेवाचून निभत नाही.

टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर, १९१४ पासून उत्तर अटलांटिकमध्ये आंतरराष्ट्रीय हिमगस्त सुरू झाली, ती जहाजांवरून. १९७८ चा सीसॅट जेमतेम तीन महिने चालला. १९९१ चा ईआरएस-१ आणि १९९५ चा रडारसॅट यांच्यानंतर ही नजर खऱ्या अर्थाने स्थिरावली. दिसणाऱ्या प्रकाशावरच विसंबावे लागे, तेव्हा हिवाळ्यात हरवलेला हिमनग पुढे सापडला तरी तो तोच की दुसरा, हा प्रश्न उरे. आता चरित्र सलग लिहिता येते. ए-२३ए हा १९८६ मध्ये सुटलेला हिमनग वेडेल समुद्राच्या तळाला तीस वर्षांहून अधिक काळ टेकून राहिला, २०२० मध्ये हलला, २०२४ मध्ये साउथ ऑर्कनी बेटांजवळ महिनोन्‌महिने जागच्या जागी गरगरत राहिला. २०२५ मध्ये साउथ जॉर्जियाजवळ पोहोचून तो फुटू लागला.

पण ही चरित्रे थोरांचीच आहेत, हे आम्हाला खटकते. अंटार्क्टिकातल्या हिमनगाला नाव मिळते ते लांबी १० सागरी मैल किंवा क्षेत्रफळ २० चौरस सागरी मैल भरले तरच. टायटॅनिकवर आदळलेला हिमनग या मापात कुठेच बसला नसता. 'हिमनगाचे टोक' हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांनी झिजवून गुळगुळीत केला. नोंदवहीत मात्र खरोखर टोकेच शिल्लक राहतात.

एप्रिल २०२१ मध्ये ए-६८ चे तुकडे या मर्यादेखाली गेले आणि त्यांचा माग काढणे थांबले. नंतरच्या हिशेबात आढळले, की साउथ जॉर्जियाभोवतीच्या तीन महिन्यांत त्याने १५२ अब्ज टन गोडे पाणी समुद्रात सोडले होते.