माझगावातील सी यिप कून : एक टिपण

वर्ध्याच्या महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषा शिकविली जाते. परंतु चिनी वस्तीचा जिवंत अवशेष पाहावयाचा तर वर्धेकरास मुंबईची गाडी धरावी लागते. माझगावात नवाब टँक भागात एका घराच्या माडीवर ‘सी यिप कून’ हे देऊळ आहे. स्थापना १९१९ सालची.

ताओपंथी देऊळ म्हणून त्याचा निर्देश होतो. तो चुकीचा नव्हे, पण अभ्यासकास फारसा उपयोगीही नाही. मुख्य दैवत क्वान कुंग हा मुळात हान राजवटीच्या अखेरचा सेनानी. इ. स. २२० च्या सुमारास तो मारला गेला व पुढे देवपदास चढला. ताओपंथी, बौद्ध आणि कन्फ्यूशियसचे अनुयायी त्यास सारखेच मानतात. वीरगळास शेंदूर लावणाऱ्या प्रदेशास यात नवल वाटू नये. देवापुढे नळीतील क्रमांकित काड्या हलवितात व जी खाली पडेल तिच्यावरून भविष्य पाहतात. कोकणी मनुष्य यास सरळ कौल म्हणेल.

खरा पुरावा देवळाच्या नावात आहे. ‘सी यिप’ म्हणजे चार परगणे : क्वांगतुंग प्रांतातील सुनवुई, तोयशान, होयपिंग व यानपिंग. हेच नाव कलकत्त्यातील १९०५ च्या आणि मेलबर्नमधील १८६६ च्या देवळास आढळते. तेव्हा हे देऊळ म्हणजे देशांतरास निघालेल्या गाववाल्यांच्या संस्थेचे एक अंग होय. गोमंतकीय खलाशांचे मुंबईतील ‘कूड’ याच जातीचे : एका गावची माणसे, एक छप्पर, आणि त्याखाली आपला संत.

देवळातून निघून जेवावयास गेलेल्या प्रवाशास मात्र हॉटेलातील ताटावरून इतिहास रचण्याचा मोह आवरावा लागतो. ‘मंचुरियन’ मांचुरियातून आलेले नाही. ते १९७५ च्या सुमारास मुंबईतच जन्मले असे सांगतात, आणि त्यातील हिरवी मिरची व लसूण आपले मूळ लपवीत नाहीत. कँटनी घरगुती स्वयंपाक निराळा : आले व कांद्याची पात घालून वाफविलेली मासळी, साधा भात, आणि तांदूळ विरघळेतो शिजविलेली ‘जुक’, म्हणजे आपली पेजच. हॉटेलातील ताट गिऱ्हाइकाची साक्ष देते, स्वयंपाक्याची नव्हे.

असा स्वयंपाक करणारी घरेही १९६२ नंतर विरळ झाली. त्या वर्षीच्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवली येथील छावणीत ठेवण्यात आले. (इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे व आपल्या जिल्ह्यातील देवळीचे नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले असते, संशोधकाने सावध असावे.) त्यांत आसाम व बंगालकडील लोकच बहुसंख्य होते, तरी मुंबईकर चिनी कुटुंबांपैकीही अनेकांनी देश सोडला.

मागे उरलेल्यांच्या आठवणी अद्याप टिपून घेता येतील. वर्ध्यात चिनी लिपी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने विश्वस्तांच्या परवानगीने देवळातील लेखांची नक्कल करण्यापासून आरंभ करावा.