चेन्नईतील स्थलांतरित मुले आणि बाल न्याय कायदा

चेन्नईच्या पुरसैवाक्कम परिसरात केल्लीस येथे मुलांचे शासकीय निरीक्षणगृह असून शहराच्या बाल न्याय मंडळाचे कामकाजही तेथेच चालते. अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की पोलिसांना त्याला चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. ते मूल चेन्नईतच जन्मलेले असो, बांधकामाच्या कामासाठी ओडिशातून आलेले असो, की श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या छावणीत वाढलेले असो, कायदा सर्वांना एकच आहे. मात्र या कायद्याचा सारा भर मुलाच्या घरावर आहे आणि परमुलखातून आलेल्या मुलाकडे नेमके घरच जवळ नसते.

मुलांसाठी वेगळा कायदा करण्यात मद्रास प्रांत देशात पहिला होता. चेंगलपट्टू येथे १८८७ पासून सुधारशाळा होती. अल्पवयीन मुलांना तुरुंगापासून दूर ठेवावे, अशी शिफारस १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने केली आणि १९२० मध्येच मद्रासचा बालक अधिनियम संमत झाला. बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये तोच मार्ग धरला. मुंबईत १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स एड सोसायटीमुळे डोंगरीचे निरीक्षणगृह मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. केंद्राचा पहिला बाल न्याय कायदा १९८६ मध्ये आला. त्यात मुलग्यांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी अठरा केली. सध्याचा २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्यात 'गुन्हेगार' या शब्दाऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्दप्रयोग आहे. तो काहीसा अवघड असला, तरी मुलावर कायमचा शिक्का बसू नये हा त्यामागील हेतू आहे.

जामीन आणि घर

या कायद्यात जामीन हा नियम असून नकार हा अपवाद आहे. जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडावे, अथवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्यावे, असे कलम १२ सांगते. सुटकेमुळे मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला धोका पोहोचण्याची किंवा न्यायाचा हेतू विफल होण्याची शक्यता असेल, तरच जामीन नाकारता येतो. आईवडील जवळ असलेल्या मुलाच्या बाबतीत या प्रश्नांचे उत्तर त्यांच्या उपस्थितीतूनच बरेचसे मिळते. आईवडील बिहारच्या खेड्यात आणि मुलगा ठेकेदाराने दिलेल्या खोलीत अन्य कामगारांबरोबर राहणारा असेल, तर त्याला सोपवायचे कोणाकडे, येथेच प्रकरण अडते. ठेकेदार पुढे येण्याची शक्यता कमीच. कारण अल्पवयीन मुलाला कामावर ठेवल्याबद्दल तोच अडचणीत येऊ शकतो.

या अडचणीची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती, असे दिसते. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलाव्यात, अशी तरतूद आहे. परक्या मुलाच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत उपयोगी तरतूद कदाचित हीच असावी. पण ती अमलात येण्यासाठी कोणीतरी दिवस मोजावे लागतात आणि ते काम मुलाच्या विधी साहाय्य वकिलावर येते.

वयाचा प्रश्नही कागदपत्रांशी निगडित आहे. कलम ९४ नुसार प्रथम शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची वा अन्य वैद्यकीय चाचणी विचारात घेतली जाते. आधार कार्ड जन्मतारखेचा पक्का पुरावा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. दाखला दूरच्या गावातील शाळेत पडून असेल, तर सतरा वर्षांचा मुलगा प्रौढ समजला जाण्याचा धोका राहतो. वैद्यकीय चाचणीत एक-दोन वर्षांची चूक संभवते आणि अठराच्या उंबरठ्यावर एवढी तफावत निर्णायक ठरते.

कामकाजाची भाषा मुलाला समजत नसल्यास मंडळाने दुभाषा द्यावा, असे कलम ८ सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही विनामूल्य दुभाषाचा हक्क असून भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला आहे. परंतु भाषेचा प्रश्न सुनावणीपुरता नसतो. परिवीक्षा अधिकाऱ्याला दोन आठवड्यांत मुलाच्या घरची परिस्थिती, शिक्षण व सवयी यांविषयी सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. घर ओडिया बोलणाऱ्या गावात असताना केल्लीसमध्ये बसून लिहिलेला अहवाल कितपत खरा उतरेल, याचा विचार व्हायला हवा.

छावणीतील मुले

श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या मुलांची स्थिती वेगळी आहे. त्यांना भाषा येते आणि आईवडीलही जवळ असतात. १९८३ नंतर आलेल्या या कुटुंबांच्या छावण्या चेन्नईजवळ पुळल व गुम्मिडिपूंडी येथेही असून २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांना 'पुनर्वसन छावण्या' असे नाव दिले. येथे उणीव आहे ती नागरिकत्वाची. १ जुलै १९८७ पासून केवळ भारतात जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. बाल न्याय कायद्यातील 'बालक' या शब्दाच्या व्याख्येत मात्र नागरिकत्वाची अट नाही. अठरा वर्षे पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती बालक ठरते.

बाहेरून आलेल्यांमुळे गुन्हे वाढतात, ही समजूत सर्व मोठ्या शहरांत आढळते. जगातील पहिले बाल न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत सुरू झाले, तेव्हा ते शहर युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचे होते. तेथील क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांनी अनेक दशकांच्या नोंदी तपासून १९४२ मध्ये दाखवून दिले की वस्तीत राहणारे समाज बदलत गेले, तरी बालगुन्ह्यांचे प्रमाण त्याच दरिद्री वस्त्यांत अधिक राहिले. दोष वंशाचा नसून वस्तीच्या दुरवस्थेचा होता.

निरीक्षणगृहातील वास्तव्य लांबणे ही किरकोळ बाब नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी चेंगलपट्टू येथील शासकीय संस्थेत सतरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने अशा संस्थांच्या सुधारणेसाठी निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. मृत मुलगा चेन्नईच्या उपनगरातला होता आणि त्याच्या आईने दाद मागितली. दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या आईला हे कितपत शक्य झाले असते?

मुलाला त्याच्या जिल्ह्यात पाठवण्याची सोय कलम ९५ मध्ये आहे. तेथील मंडळाशी विचारविनिमय करून आदेश काढला जातो आणि विशेष बाल पोलीस पथकाने पंधरा दिवसांत मुलाला सोबत नेऊन पोहोचवायचे असते. मुलगी असल्यास महिला पोलीस बरोबर असावी लागते. मात्र विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या बाबतीत चौकशी संपून अंतिम आदेश झाल्यावरच ही पाठवणी करता येते. चौकशीची मुदत चार महिन्यांची असून ती आणखी दोन महिने वाढवता येते. तोवर जामीन न मिळालेल्या मुलाचा मुक्काम चेन्नईतच राहतो.