आजोबा टेपचे वारस

संगणकाची सगळी माहिती टेपवर असायची, तेव्हा बॅकअपसाठी वेगळे कष्ट पडत नसत. टेपवरची नोंद जागच्या जागी खोडून बदलणं सोयीचं नव्हतं. म्हणून कालची मुख्य टेप आणि आजच्या व्यवहारांची टेप वाचून तिसऱ्या, कोऱ्या टेपवर नवी मुख्य टेप उतरवत. जुनी शाबूत उरायची. अशा तीन पिढ्या जपत आणि त्यांना नावंही नात्यांचीच होती: आजोबा, बाप, मुलगा. मुलगा बिघडला, की बाप आणि त्या दिवसाचे व्यवहार घेऊन तो पुन्हा घडवायचा. पेढीवरच्या मुनिमाला हे समजावावं लागलं नसतं. खतावणी भिजली तरी रोजकीर्द हाताशी असली की ती पुन्हा मांडता येते, हे त्याला ठाऊकच होतं.

घोळ घातला डिस्कने. १९५६ साली आयबीएमची रॅमॅक आली आणि हवी ती नोंद गाठून तिथल्या तिथे बदलता येऊ लागली. वेग मिळाला, पण जुना आकडा पुसला जाऊ लागला. मग रोजकीर्द मुद्दाम लिहावी लागली: आधी बदलाची नोंद लॉगमध्ये, नंतर मूळ जागी. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या डेटाबेसमध्ये जिम ग्रे आणि मंडळींनी लॉगच्या जोडीला पानांच्या जुन्या प्रतीही सांभाळल्या होत्या. नुसत्या लॉगवर भिस्त ठेवण्याची सोय केली नाही याची खंत त्यांनी १९८१ च्या लेखात मोकळेपणाने लिहिली. पुढे १९९२ साली, मद्रास आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत मांडली. यंत्र बंद पडलं, की आधी लॉगमधला सगळा इतिहास, अगदी अर्धवट राहिलेल्या व्यवहारांसह, पुन्हा घडवायचा आणि मग ते अर्धवट व्यवहार उलटवायचे. उफराटं वाटतं, पण चालतं.

रेप्लिकेशन, म्हणजे डेटाबेसची चालती प्रत (रेप्लिका) दुसऱ्या यंत्रावर ठेवणं, हेही याच घराण्यातलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते उघड दिसतं. २००५ च्या ८.० आवृत्तीत मूळ प्रत आणि साठवलेला लॉग यांच्या आधारे हव्या त्या क्षणापर्यंत परतता येऊ लागलं. २०१० च्या ९.० मध्ये तोच लॉग नेटवर्कवरून अखंड दुसऱ्या यंत्राकडे वाहू लागला. त्या दुसऱ्या यंत्राला ‘तू रिकव्हरीत आहेस का?’ असं विचारलं, तर ते आजही ‘हो’ म्हणतं. रेप्लिका म्हणजे कधी संपूच न दिलेली रिकव्हरी.

पण ती फार आज्ञाधारक असते. मुख्य यंत्र जळालं तर ती उभी राहते. कुणी ‘डिलीट’ला कुठल्या नोंदी ते सांगणारं ‘व्हेअर’ लावायचं विसरलं, तर तेही ती इमानेइतबारे पुसते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत तर रेप्लिकाच मागे पडली होती. ती नव्याने भरण्यासाठी रिकामी केली होती. नकल पुढे सरकेना, म्हणून एका अभियंत्याने तिथली डिरेक्टरी पुन्हा पुसायला घेतली आणि आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. क्षणा-दोन क्षणांत त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची उतरवून ठेवलेली प्रत, शोधला, तर साठवणीची जागा रिकामी! डंप घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो कधीचाच फसत होता. फसल्याचे ईमेलही वाटेत नाकारले जात होते. कामी आला तो त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. मधल्या तासांचं काम गेलं. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली, हे धाडस मला अजून आवडतं.

रेप्लिकेला जाणूनबुजून मागे ठेवण्याची सोय तेव्हाही होती, मायएसक्यूएलमध्ये ५.६ पासून (२०१३) आणि पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून (२०१४). गिटलॅबने नंतर अशी एक प्रत आठ तास मागे ठेवली. लॉगमधला बदल अशा प्रतीवर आठ तासांनी लागू होतो. त्यामुळे चूक कळली, की पहिली आज्ञा दुरुस्तीची नसते. आधी त्या मागच्या प्रतीला थांबवायचं, मग चूक घडण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत तिला बेताने पुढे न्यायचं आणि गेलेल्या नोंदी तिथून उचलायच्या.