रुमाल, लिपी आणि तबकडी

देवस्थानाच्या जुन्या पेटीतून कधी मोडीचा एखादा रुमाल निघतो. कागद शाबूत असतो, शाई स्पष्ट असते. तथापि मोडी वाचणारा जवळ नसेल, तर तो कागद असून नसल्यासारखाच होतो. तोच प्रसंग आता आमच्या कपाटांतील चकचकीत तबकड्यांवर येऊन ठेपला आहे. जत्रा, पालखी, कीर्तन, उत्सवातील रात्रभराचे नाटक यांची चित्रे त्यांत साठविलेली आहेत. तबकडीस ओरखडासुद्धा नसतो, आणि तरीही दूरदर्शन संचाशेजारचे यंत्र ती वाचावयाचे नाकारते. असे का होते, हे उमगावयाचे तर या तबकड्यांचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे.

आरंभी एक भेद ध्यानी घेऊ. चलच्चित्राची माहिती अवाढव्य असते. ती संक्षेपाने लिहिण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. ही झाली लिपी. असे संक्षिप्त चित्र आणि ध्वनी एकत्र बांधणाऱ्या बासनास कंटेनर म्हणतात. तो झाला रुमाल. फाइलीच्या नावाअखेरची अक्षरे बहुधा रुमाल तेवढा सांगतात, आतील लिपी सांगत नाहीत. पुष्कळशा घोटाळ्यांचे मूळ येथेच आहे.

१९८८ साली लिओनार्दो किआरिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने चलच्चित्राची प्रमाणे ठरविणारे ‘एमपेग’ मंडळ निघाले. त्याच्या पहिल्या प्रमाणावर १९९३ साली व्हिडिओ सीडी उभी राहिली. आमच्याकडील पाल पद्धतीत तिचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असे, व एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत. सहा तासांच्या नाटकास पाच तबकड्या लागत. परंतु दमट हवेत फितीला धरणारी बुरशी तिला बाधत नसे आणि किंमतही थोडी, म्हणून आशियात तिचा मोठा प्रसार झाला. पुढे १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. तिची लिपी एमपेग-२, चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे आणि साध्या तबकडीची धारणा ४.७ अब्ज बाइट. या दोहोंचे रुमाल व लिप्या नियमाने बांधलेल्या होत्या. म्हणूनच, प्रांतबंदीचा अपवाद सोडला तर, एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात निर्वेध चाले.

ही घडी संगणकाने विस्कटली. मायक्रोसॉफ्टने एमपेग-४ च्या धर्तीवर एक नवी लिपी केली होती, परंतु ती आपल्या एएसएफ या रुमालापुरतीच बांधून ठेवली होती. जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने ते बंधन सोडवून ती १९९२ पासून रूढ असलेल्या एव्हीआय रुमालात बांधता येईल असे केले. हीच पहिली डिव्हएक्स. पूर्ण लांबीचा चित्रपट आता ७०० मेगाबाइटांच्या साध्या सीडीवर मावू लागला. पुढे कंपनी स्थापन होऊन त्याच नावाखाली निराळी लिपी आली, आणि २००१ साली स्वयंसेवकांनी एक्सव्हिड ही मुक्त आवृत्ती काढली.

संगणकास नवी लिपी शिकविणे सोपे. एक प्रोग्रॅम बसविला की झाले. तबकडीच्या यंत्राचे तसे नव्हते. त्याचे वाचन विशिष्ट लिपीसाठीच घडविलेल्या चिपेवर चाले. २००३ च्या सुमारास डेन्मार्कच्या किस कंपनीने डिव्हएक्स वाचणारे यंत्र आणले, व लवकरच इतर कारखानदारही त्या वाटेने गेले. तरीही अडचण पुरती मिटली नाही. लिपी तीच, पण लेखकाने पाव बिंदूपर्यंतची सूक्ष्म गतिगणना वापरली, किंवा समग्र गतिपूर्तीची अधिक गुंतागुंतीची रीत योजली, की अनेक यंत्रे अडखळत. कित्येकदा तर यंत्र फाइलीतील चार अक्षरी खूण पाहूनच तोंड फिरवी. ‘एक्सव्हिड’ ची खूण पुसून ‘डिव्हएक्स’ ची घातली की तीच फाइल बिनतक्रार चाले! त्यातच २००३ साली एच.२६४ हे अधिक काटकसरीचे प्रमाण आले, आणि एमपी४ व मात्रोस्का या रुमालांतून त्याचा प्रसार झाला. जुन्या चिपांस त्याचे एक अक्षरही कळेना. २००६ च्या ब्लू-रेने ही लिपी स्वीकारली, परंतु घरोघरची डीव्हीडी यंत्रे होती तेथेच राहिली.

या इतिहासाचा बोध आमच्या महाजनांनी आणि उत्सव समित्यांनी घ्यावयास हवा. घरी लिहिलेल्या तबकडीवरील रंगद्रव्य काळाने विटते; वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. तेव्हा तबकडी आहे तोवर तिच्यातील मूळ माहिती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पुन्हा संक्षेप केल्यास चित्रातील तपशील आणखी गळतो. मूळ प्रत जपून, पाहण्यापुरती एच.२६४ ची एमपी४ प्रत निराळी करावी. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, आणि सोबत कागदावर उत्सवाचे वर्ष, कलावंतांची नावे, रुमाल व लिपी ही स्वच्छ अक्षरांत नोंदवावी.

दिवंगत कीर्तनकाराचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही. आमच्या पूर्वजांनी रुमाल जपले, पण लिपी जपण्याचे काम मागे पडले. त्याची हळहळ आम्ही आजही करतो. पुढच्या पिढीस तशीच हळहळ करण्याची वेळ आम्ही आणू नये.