श्वास देणारे हात : कोपनहेगनपासून कोरबापर्यंत

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिसडिप्लाम या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आणण्यास दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मोकळीक दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सहा लाखांच्या घरात असलेल्या बाटलीची किंमत १५,९०० रुपयांवर आली. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए, या जनुकीय आजाराच्या मुलांसाठी ही बातमी मोठीच आहे. मात्र तिच्या आनंदात एक गट नजरेआड होतो. औषध पोहोचण्यापूर्वीच ज्यांचे श्वसनाचे स्नायू थकले आणि जी आज घरातल्या खाटेवर व्हेंटिलेटरच्या आधाराने वाढत आहेत, ती ही मुले. मेरुरज्जूतील मृत चेतापेशी कोणतेही औषध पुन्हा जिवंत करत नाही. या मुलांचा इतिहास औषधाचा नाही, तो यंत्राचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसांचा आहे.

व्हेंटिलेटर हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला तो २०२१च्या उन्हाळ्यात, आणि तोही ऑक्सिजनच्या जोडीने. त्या वेळी भिलाई पोलाद कारखान्याचे नाव पोलादापेक्षा प्राणवायूसाठी अधिक घेतले गेले. हवा द्रवरूप करायची. मग उणे १९६ अंशांना उकळणारा नायट्रोजन आणि उणे १८३ अंशांना उकळणारा ऑक्सिजन वेगळे करायचे, ही तिथली रोजची प्रक्रिया. एरवी हा ऑक्सिजन वितळलेल्या लोखंडातील कार्बन जाळून काढण्यासाठी खर्ची पडतो. त्या दिवसांत त्याचे टँकर नागपूरच्या वाटेला लागले. एक लिटर द्रव म्हणजे सुमारे ८६० लिटर वायू. विदर्भातील अनेक रुग्णांचे श्वास भिलाईच्या टाक्यांवर तोलले गेले होते.

परंतु ऑक्सिजन म्हणजे श्वास नव्हे. कोविडमध्ये फुप्फुसाची ऊती बिघडते, म्हणून वायू समृद्ध करावा लागतो. एसएमए झालेल्या मुलाचे फुप्फुस बहुधा ठीक असते, भाता ओढणारे स्नायू मात्र दुबळे झालेले असतात. त्याला हवी असते साधी हवा, पण ढकललेली. त्यासाठी लागणारा दाब साधारणतः २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दोन टक्के. अशा मुलाला नुसता ऑक्सिजन दिला तर बोटावरचा आकडा छान दिसतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड निमूटपणे चढत राहतो.

नेमकी हीच गल्लत १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात उलगडली. पोलिओची भयंकर साथ होती. रुग्णालयाकडे एक लोहफुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा उपकरणे, एवढीच सामग्री. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे. त्याला डॉक्टर एक अनाकलनीय 'अल्कलोसिस' समजत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याचा अर्थ उलटा लावला : हे कार्बन डायऑक्साइड साचल्याचे लक्षण आहे, मुले गुदमरून मरत आहेत. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या व्हिवी एबर्टच्या श्वासनलिकेत छिद्र करून नळी घालण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. प्रथम ती झगडली. भुलीचे औषध दिल्यावर शरीर सैलावले, हवा आत गेली आणि ती वाचली.

पुढचा भाग अधिक विलक्षण. सकारात्मक दाब देणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण, दिवसरात्र, कित्येक आठवडे. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म इथे झाला असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि ते खरेच आहे. पण पाठ्यपुस्तके व्हिवीला तिथेच सोडून देतात. ती मानेखाली लुळीच राहिली. सुमारे सात वर्षे रुग्णालयात काढून १९५९ मध्ये आईकडे राहायला गेली आणि १९७१ मध्ये वारली. वाचवण्याची कथा काही महिन्यांची, सांभाळण्याची जवळजवळ वीस वर्षांची.

डेन्मार्कची आणखी एक देणगी आज अशा प्रत्येक घरात उशाशी असते. १९५४ मध्ये तेथील मालमोटारचालकांच्या संपामुळे रुग्णालयांना ऑक्सिजनची नळकांडी मिळेनाशी झाली. तेव्हा हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी दाबून सोडल्यावर आपोआप फुगणारी, नळकांड्याविना चालणारी पिशवी १९५६ पर्यंत सिद्ध केली. तीच 'अँबू बॅग'. वीज गेली, बॅटरी संपली, नळी निसटली की आईच्या हाती हीच येते.

मूल घरी नेण्याचा प्रश्न मात्र तंत्रज्ञानापेक्षा हिशेबाचा ठरला. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील केटी बेकेट मेंदूज्वरानंतर व्हेंटिलेटरवर होती. रुग्णालयात राहिली तर सरकार खर्च देणार, घरी गेली तर नाही, असा नियम. घरचा खर्च कितीतरी कमी असूनही. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे प्रकरण मांडले, आणि पुढच्याच वर्षी कायद्याने अशा मुलांच्या घरच्या शुश्रूषेसाठी वाट खुली केली. केटी २०१२ पर्यंत, चौतीस वर्षे जगली.

भारतात दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढली. त्याची भाषा मुख्यतः निदानाची आणि औषधोपचाराची आहे. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, भिलाईच्याच राज्यात, कोरबा जिल्ह्यातील दीपका कोळसाखाणीच्या एका कर्मचाऱ्याच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी कोल इंडियाने १६ कोटी रुपये मंजूर केले. एकदाच टोचायच्या जनुकीय औषधाची ती किंमत. सार्वजनिक कंपनीने एका मुलासाठी एवढी रक्कम द्यावी, हे निःसंशय स्तुत्य. वृत्तपत्रांनी १६ कोटींचा आकडा मथळ्यात घेतला. ती मुलगी तेव्हा घरीच पोर्टेबल व्हेंटिलेटरवर होती, ही माहिती बातमीच्या खालच्या ओळींत होती. त्या ओळींमागे कफ ओढणारे सक्शन यंत्र असते, राखीव नळी असते, इन्व्हर्टर असतो; आणि गजर झाला की तो नळी सुटल्याचा आहे की कफ अडकल्याचा, हे झोपेतून उठून काही सेकंदांत ओळखणारे कुणीतरी असते. कोपनहेगनमध्ये त्या पाळ्यांसाठी विद्यार्थ्यांना पैसे मिळत होते.